इशिमिने सेन्सेईंची आडवी घोडी

आमच्या इशिमिने सेन्सेईंना जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ कंबरेत सापडतं. गुडघा धरलाय? कंबर ढिली आहे. मुलगा शाळेत लक्ष देत नाही? त्याचीही कंबर ढिली आहे. मागच्या वादळात माझ्या दुकानाचं छप्पर उडून शेजारच्या उसात जाऊन पडलं, तेव्हा हे हात मागे बांधून बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, "हात्सु, छपराला कंबरच नव्हती." मी हातात पत्रा धरून उभी होते. तो त्यांच्या डोक्यात घातला नाही, हे माझे संस्कार.

हात्सु म्हणजे मी. गावात केस कापते. दिवसभर उभं राहून गुडघे बोलायला लागले, म्हणून सेन्सेईंकडे कराटे शिकायला गेले. ओकिनावात कराटे शिकण्याचं कुणाला अप्रूप नाही, पण नातवंडं झाल्यावर कुणी सुरू केलं तर गाव दात काढायचं सोडत नाही. काढले तर काढले. सगळ्यांची डोकी शेवटी माझ्याच कात्रीखाली येतात.

सेन्सेईंचं पूर्ण नाव इशिमिने गेन्तोकु. दिवसा त्यांचं झेन्झाईचं दुकान असतं. वाडग्यात गोड शिजवलेला राजमा आणि वर किसलेल्या बर्फाचा डोंगर, एवढाच माल. बर्फ किसायचं यंत्र हाताने फिरवायचं असतं, पण सेन्सेई ते तुमच्या-आमच्यासारखं फिरवत नाहीत. आधी पाय रोवतात. मग श्वास पोटात नेतात. मग टाचेतून निघालेला जोर मांडीतून कंबरेत, कंबरेतून पाठीत, पाठीतून खांद्यात असा सगळीकडे मुक्काम करत मुठीत आणतात. "हात काम करत नाही," ते गिऱ्हाइकाला सांगतात, "हात नुसता निरोप पोचवतो. अंग सगळं एका दोरीत ओवलेलं पाहिजे." तोवर गिऱ्हाइकाची तहान गेलेली असते.

संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत वर्ग भरतो. तिथे मुख्य शिकवण एकाच प्रकाराची, तिचं नाव नाइहांची. पाय फाकवायचे, गुडघे वाकवायचे, घोड्यावर मांड ठोकल्यासारखं बसायचं आणि तसंच आडवं चालायचं. एका बाजूला गेलात की परत दुसऱ्या बाजूला. पुढे जायचं नाही, मागे जायचं नाही, तोंड मात्र समोर. खेकडा जसा चालतो तसं. शेवटचा ठोसा मारला की पोटातून आरोळी ठोकायची. आम्ही बसलो की सेन्सेई मागून येतात आणि खांद्यावर, पाठीवर, मांडीवर फाडफाड चापट्या मारून कुठे सैल आहे ते बघतात. आणि वर्ग सुरू होताना रोज तेच वाक्य:

"घोड्यावर बसल्यासारखे बसा!"

हे वाक्य त्यांना त्यांच्या गुरूंनी दिलं, गुरूंना त्यांच्या गुरूंनी. सेन्सेईंकडे वडिलोपार्जित म्हणावं असं दुसरं काही नाही. महायुद्धात ओकिनावावर झालेल्या लढाईत घर गेलं, घरातली माणसं गेली, फोटोसुद्धा उरला नाही. पुढे गुरूंनी सांभाळलं, आणि गुरू गेले तेव्हा मागे हे वाक्य राहिलं. म्हणून ते म्हणताना त्यांचा आवाज थोडा वेगळा लागतो. आम्हाला ते कळायचं, म्हणून मांड्या थरथरल्या तरी आम्ही बसून राहायचो.

आणि हा माणूस जन्मात घोड्यावर बसलेला नव्हता! आमच्यापैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं कामादो ओबाच्या.

ओबा म्हणजे आजी. ही सगळ्या गावाची आजी, नव्वदीच्या पुढची. गावाच्या टोकाला एकटी राहते. कामादो म्हणजे चूल. तिच्या काळी मुलींना अशीच नावं ठेवायचे. त्याचा सूड म्हणून असेल, तिने आपल्या ठेंगण्या तांबूस घोडीचं नाव ठेवलं नाबी, म्हणजे पातेलं. ही चूल आणि हे पातेलं दोघी मिळून रोज सकाळी समुद्रापर्यंत चालत जातात आणि वाटेत दिसेल त्याला नावं ठेवत परत येतात. नावं ठेवायचं काम ओबा करते, नाबी नुसती बघते. पण बघते अशी, की माणसाला आपली चप्पल तपासावीशी वाटते.

त्या वर्षी गावाने कापणीच्या उत्सवात घोड्यांची जुनी शर्यत पुन्हा भरवायचं ठरवलं. लढाईपासून ती बंदच पडली होती. आमची शर्यत पळायची नव्हे. जो घोडा पळाला तो बाद. पाइन झाडांच्या रांगेतून दोन-दोन घोडे सोडायचे, त्यांनी झपझप बारीक पावलं टाकत जायचं, वरच्या स्वाराने हलायचं नाही, आणि ज्याची चाल देखणी तो जिंकला. ओबाने लहानपणी ती पाहिली होती. तिचे वडील स्वार. ते म्हणे हातात भरलेला पेला घेऊन जायचे आणि थेंब सांडायचा नाही. दर वेळी सांगताना तो पेला मोठा होतो. हल्ली तो घागरीएवढा झालाय.

बैठकीला सगळा गाव सभागृहात जमला. डुकराचे पाय शिजले होते, आवामोरी, म्हणजे आमची तांदळाची दारू, फिरत होती. दुसऱ्या की तिसऱ्या पेल्यावर सेन्सेई उठून उभे राहिले.

"घोडेस्वारी वेगळी शिकायला लागत नाही," ते म्हणाले. "ज्याला नाइहांची आली, त्याला घोडा आला. एकच विद्या आहे. वरचं अंग, खालचं अंग, सगळं एक!"

कोपऱ्यातून ओबाचा आवाज आला. "गेन्तोकु, तू घोड्यावर बसलायस कधी?"

सेन्सेईंनी पेल्यात पाहिलं. मग छताकडे पाहिलं. छताने काही मदत केली नाही.

"तसं प्रत्यक्ष... प्रत्यक्ष म्हणाल तर..."

"म्हणजे इतकी वर्षं पोरांना उकिडवं बसवून घोडा घोडा करतोयस, ते काय खुर्चीवर बसून शिकलास?"

हसून हसून लोकांच्या नाकातून आवामोरी आली. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण सेन्सेईंचे कान लाल झालेले मला दिसले.

"तुमची घोडी द्या," ते म्हणाले. "शर्यतीत चालवून दाखवतो."

"देते की. पण नाबी पळाली तर ते वाक्य पुन्हा तोंडातून काढायचं नाही. माझा बाप खरा स्वार होता. बसल्यासारखं म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा आलाय."

ओबा गमतीत बोलली होती, हे सगळ्यांना कळलं. सेन्सेईंना नाही कळलं. त्यांनी कंबरेतून वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "कबूल." त्या माणसाने एकदा कबूल म्हटलं की ते दगडावर कोरल्यासारखं असतं.

दुसऱ्या दिवशी सेन्सेई पांढरा पोशाख आणि काळा पट्टा बांधून ओबाच्या अंगणात हजर झाले. बरोबर मी, साक्षीदार म्हणून. सेन्सेई नाबीपुढे उभे राहिले, तिच्या चारी पायांकडे बघून म्हणाले, "बैठक चांगली आहे," आणि सवयीप्रमाणे मागे जाऊन तिच्या खांद्यावर फाडकन चापट मारली. कुठे सैल आहे ते बघायला.

नाबीने मान वळवली, त्यांचा काळा पट्टा दातात धरला आणि एक झटका दिला. सेन्सेई अंगणात आडवे.

"तिनेही बघितलं तू कुठे सैल आहेस ते," ओबा आपल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीतून म्हणाली.

मग ते चढले. चढले म्हणजे मी त्यांना मागून ढकललं. आणि बसल्याबरोबर त्यांनी आयुष्यभराची नाइहांची लावली. गुडघे आत दाबले, मांड्या लोखंडासारख्या आवळल्या, पोट घट्ट, मुठी घट्ट, दातसुद्धा घट्ट. घोडीच्या भाषेत या सगळ्याचा अर्थ एकच होतो: पळ! नाबी पळाली. उसातून, बटाट्यातून, एका बाईच्या वाळत घातलेल्या कपड्यांतून पळाली आणि सहकारी भांडारातल्या कोबीच्या ढिगापाशी जाऊन थांबली. मी धावत पोचले तेव्हा नाबी कोबी खात होती आणि डोक्यावर कुणाचीतरी उशीची खोळ घेतलेले सेन्सेई अजूनही बैठकीतच होते.

"हात्सु," ते म्हणाले, "मी हललो नाही, हे बघितलंस ना?"

"बघितलं, सेन्सेई. तुम्ही सोडून सगळं गाव हललं."

त्या दिवसापासून रोज दुपारी शिकवणी सुरू झाली. खुर्चीत ओबा, घोडीवर सेन्सेई, हातात झेन्झाईचं वाडगं, बर्फ वितळून काठोकाठ भरलेलं. नियम असा, की नाबीने नुसतं चरायचं आणि यांनी नुसतं बसायचं. तरी सांडायचं! नाबी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाके, सेन्सेई खांबासारखे ताठ, की राजमा तिच्या आयाळीत.

"आवळू नकोस!" ओबा ओरडायची. सेन्सेई सैल सोडायचे, की पोत्यासारखे कलंडायचे. "सोडू नकोस!" ओबा ओरडायची.

"आवळू नको, सोडू नको, मग करू काय?"

"बस!"

"बसलोच आहे!"

"तू नाही बसलेला. तुझी कंबर एकीकडे बसलीय, डोकं दुकानात बसलंय. अंग एका दोरीत म्हणतोस ना? ही दोरी नव्हे, गाठ आहे. भात पातेल्याला लागला म्हणजे एकजीव झाला का रे?"

हे ऐकून मला वाटलं, बाईला काय ज्ञान आहे! पण दुसऱ्या दिवशी ती बरोबर उलटं सांगायची, आणि तेही तेवढ्याच जोरात. चौथ्या-पाचव्या दिवशी सेन्सेईंना संशय आला.

"ओबा, तुम्ही स्वतः कधी बसला होता?"

ओबाने चहाचा घोट घेतला. "मुलींना कोण बसू देत होतं? मी खाली उभी राहून बापाचा डबा धरायचे. आता माझी हाडं बसण्यासारखी नाहीत."

म्हणजे कधीही न बसलेली बाई कधीही न बसलेल्या माणसाला बसायला शिकवत होती आणि कोबीवर वाढलेली एक घोडी दोघांना सहन करत होती. पण ओबाने ते सांगितलं तेव्हा सेन्सेई हसले नाहीत. त्यांनी वाडगं नीट धरलं आणि विचारलं, "तुमचे वडील कसे बसायचे, ते सांगा." ती सांगत बसली. मग यांनी आपल्या गुरूंचं सांगायला सुरुवात केली. गुरू पावसात कसे उभे करायचे, थंडीत आपलंच पांघरूण कसं घालायचे. बोलता बोलता सेन्सेई घोडी विसरले, वाडगं विसरले, कंबरसुद्धा विसरले. नाबीचं पोट श्वासाने फुगत होतं, तसं यांचंही फुगत होतं. ती भार टाकायची तिकडे यांची कंबर आपसूक जायची. मी वाडग्याकडे बघितलं. पाणी काठोकाठ आणि एक थेंब बाहेर नाही.

मी काही बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

तेवढ्यात सेन्सेईंनी गोष्टीतली काहीतरी गंमत मला सांगायला डावीकडे मान वळवली. मान वळली, तिच्यामागे खांदा, खांद्यामागे कंबर, आणि कंबरेखाली नाबी. तिने उजवा पाय डाव्यावरून टाकला, मग पुढचा, मग मागचा, आणि सबंध घोडी सुरेख, बारीक पावलांनी, आडवी चालायला लागली.

"चालली!" मी किंचाळले.

"आडवी चालली," ओबा म्हणाली.

सेन्सेईंना इतका आनंद झाला की त्यांनी पोटातून आरोळी ठोकली. नाबी पळाली. कोबी.

पुढे कितीही खटपट केली तरी ती त्यांच्याखाली सरळ काही चालली नाही. दुसऱ्या कुणी लगाम धरला की नाकासमोर चालायची. सेन्सेई बसले की आडवी. ओबा म्हणाली, "तिचा काय दोष? तुझं अंग तिला जे सांगतं ते ती करते, आणि तुझ्या अंगाला दुसरं येतंच काय?" उत्सव तोंडावर आलेला. मला झोप लागेना. गिऱ्हाइकांची कानशिलं वाकडीतिकडी कापली गेली. गाव हसेल याची मला भीती नव्हती, गाव हसतंच. पण उद्या वर्गात उभं राहून या माणसाने तोंड उघडायचं आणि त्यातून गुरूंचं वाक्य निघायचं नाही, हे मला बघवणार नव्हतं.

शेवटी उपाय सेन्सेईंनीच काढला, आणि इतका सोपा की आम्ही दोघी कपाळाला हात लावून बसलो. "शर्यत सरळ रेषेत आहे ना? मग घोडी आडवी उभी करायची."

उत्सवाच्या दिवशी पाइनच्या एका बाजूला ही गर्दी. पहिल्या जोडीत एका बाजूला तोकाशिकी, शहरात घोड्यांचा क्लब चालवणारा, पांढरे हातमोजे घातलेला, घोडा उंच आणि चकचकीत. दुसऱ्या बाजूला आमचे सेन्सेई, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात झेन्झाईचं वाडगं, आणि घोडीचं तोंड प्रेक्षकांकडे.

"आजोबा, तुमची घोडी चुकीच्या दिशेला बघतेय," तोकाशिकी म्हणाला.

"ती लोकांकडे बघतेय," सेन्सेई म्हणाले. "पाठ दाखवणं बरं दिसत नाही."

पंचांनी आपापसात डोकी जुळवली. पळायचं नाही असा नियम होता. नाक कुठे हवं, असा नियम कुणाच्या बापाने केला नव्हता. ढोल वाजला.

आणि मग मी जे पाहिलं ते सांगताना मला अजून हसू येतं. नाबी निघाली. पाय पायावरून, पाय पायावरून, टपटप टपटप, दाणे निवडणाऱ्या बाईची बोटं चालावीत तशी. वर सेन्सेई, तोंड समोर, ना आवळलेले ना सुटलेले. घोडी कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो ते दिसेना. आधी पोरं हसली. मग म्हातारे पुढे सरकले. मग कुणी हसेना. तोकाशिकीचा उंच घोडा मान वाकडी करून नाबीकडेच बघत राहिला आणि चालायचं विसरला. वाडग्यातलं पाणी काठोकाठ! माझ्या शेजारी ओबा खुर्ची सोडून उभी राहिली होती. तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता की आठवडाभर वळ राहिले.

शेवटची रेषा आली. नाबीने शेवटचं पाऊल उचललं. आणि सेन्सेईंनी, शेवटच्या पावलावर करायचं ते केलं. जन्मभर तेच करत आलेत. पोटातून, टाचेपासून, सगळं अंग एक करून:

"एऽऽय्याऽऽ!"

नाबी पळाली.

वाडगं हवेत गेलं आणि मुख्य पंचांच्या मांडीवर उतरलं. घोडी रेषेच्या आत पळाली होती, त्यात वाद नव्हता. पंचांनी मांडीवरचा राजमा झटकत बाद म्हटलं. तोवर सेन्सेई भांडारापाशी पोचले होते.

संध्याकाळी वर्गाला सगळे हजर होते. एकजणही गैरहजर राहिला नाही. सेन्सेई पुढे उभे राहिले, त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आम्ही पाय फाकवून तयार. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज नाही. मी मान खाली घातली. मला रडू येत होतं आणि या वयात लोकांसमोर रडायला मला आवडत नाही.

तेवढ्यात दाराशी खूर वाजले. नाबीच्या आयाळीला धरून ओबा उभी होती, दमलेली. एवढं अंतर ती संध्याकाळी कधी चालत नाही.

"बघता काय गाढवांनो!" ती ओरडली. "घोड्यावर बसल्यासारखे बसा!"

आम्ही बसलो. असे बसलो की फरशी वाजली.

सेन्सेई तिच्याकडे बघत राहिले. डोळे भरलेले. "ओबा," ते म्हणाले, "तुम्ही तर कधी घोड्यावर बसला नाहीत."

"तुझं इतकी वर्षं अडलं का?"

त्या दिवसापासून ओबा दर वर्गाला येते आणि ते वाक्य तीच म्हणते. एका शब्दाने ती सेन्सेईंना पैजेतून मोकळं करू शकते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती करत नाही, आणि सेन्सेई मागत नाहीत. टोकाच्या घरात संध्याकाळ फार लांब असते. इथे तिच्यासाठी दाराशी खुर्ची ठेवलेली असते, झेन्झाईचं वाडगं असतं, बाहेर नाबीसाठी कोबी असतो. सेन्सेई पुढे उभे राहतात, दाराकडे बघतात आणि थांबतात. ओबा आधी वाडगं संपवते, सावकाश, एकेक राजमा चावून. आमच्या मांड्या थरथरतात. मी ओरडते, "ओबा, लवकर!" ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही. आणि सेन्सेई, ज्यांना सैल गुडघा खपत नाही, ते तिचं खाऊन होईपर्यंत मुकाट्याने वाट बघतात.